पुतळाबाईंची परवानगी

खरवईच्या पुतळाबाई धवलारीण आहेत. आगऱ्यांच्या लग्नात मांडवात धवले गाऊन देवांना बोलवायचं काम गेली चाळीस वर्षं त्यांचं. पण मागच्या महिन्यात एका हळदीला त्यांचं एक कडवं निसटलं आणि मागे बसलेल्या बायांनी एकमेकींना कोपराने ढोसलं. पुतळाबाईंनी ते पाहिलं. घरी येऊन जाहीर केलं, "परत असा झाला ना, तर मी मांडवात पाय नाय ठेवायची."

नात जिज्ञासा उल्हासनगरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. आजीला वाचता येत नाही, म्हणून तिने आजीसाठी चित्रांचं ॲप बनवलं. मांडव, उंबर, हळद, एकेक देव. चित्रावर बोट ठेवलं की कानात त्या धवल्याची सुरुवात, आजीच्याच आवाजात. उद्या कुळगावात लग्न आणि त्याच वेळी जिज्ञासाची परीक्षा. म्हणजे ॲप आजीच्या फोनात आजच हवं.

फोनला ते पटेना. जिज्ञासाने वाचून दाखवलं, "अनोळखी व्यक्तीने बनवलेलं ॲप. धोका असू शकतो."

"अनोळखी? तुला पहिली आंघोळ मी घातली. तवा ही फोनची कंपनी कुठं होती?"

"कंपनीकडे नाव नोंदवायला हवं, आजी. ओळखपत्र, फी... एका आजीसाठी एवढं कोण करतं?"

"फोन कोणाचा?"

"तुझा."

"मग ही कंपनी माझी कोण लागते? सासू?"

जिज्ञासाची आई कुंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरं करतात अडवतात ते. शेजारच्या हरिचंद्रभाऊंना असंच कोणीतरी फोनवर बोलत बोलत एक ॲप टाकायला लावलं. खातं रिकामं झालं त्यांचं."

"आई, मी चोर आहे का?"

"तू नाहीस गं. पण फोनला कसं कळणार?"

जिज्ञासा पुढे पुढे दाबत गेली. शेवटचा प्रश्न तिने वाचून दाखवला, वर 'हो', खाली 'नाही' : हे टाकण्यासाठी तुमच्या मागे कोणी लागलं आहे का?

पुतळाबाईंनी विचार केला. "हाय की! सकाळपासून तू लागलीस. धड जेवू नाय दिलंस." आणि जिज्ञासा हात धरायच्या आत त्यांनी वरच्या 'हो'वर बोट टेकवलं.

"आजीऽ!"

"देवाचं काम हाय. खोटं बोलून सुरू करू?"

फोनने सांगितलं, उद्या याच वेळी पुन्हा प्रयत्न करा.

दुसऱ्या दिवशी पुतळाबाई रिकाम्या कानाने मांडवात बसल्या. गावदेवीला बोलावलं आणि पुढे सगळं कोरं. ढोसाढोशी सुरू व्हायच्या बेतात होती.

"आता खंडोबा," कुळगावची अंजनी म्हणाली.

"नाय गो! आधी एकवीरा," वराकडच्या बाया ओरडल्या.

"तुमच्यात असंल तसं!"

दोन्हीकडून आवाज चढले, आणि पुतळाबाईंना एकदम आठवलं. "गप बसा गो! गावदेवीच्या मागून चेडोबा. राखणदाराला बाहेर ठेवून पुढं चालल्या शहाण्या!" चेडोबा आला, मग एकवीरा, मग खंडोबा, आणि धवला अक्षता पडेपर्यंत थांबला नाही.

संध्याकाळी जिज्ञासा धावत आली. "आजी, फोनने परवानगी दिली! टाकू?"

"चेडोबा हाय त्यात?"

"तू रेकॉर्डिंगला सांगितलाच नव्हतास."

"मग नाय टाकायचा. माझ्या फोनात अर्धा धवला नको."

जिज्ञासाने कपाळाला हात लावला आणि लॅपटॉप उघडला. पुतळाबाईंनी घोटभर पाणी पिऊन घसा साफ केला.