एकदाच विचारणाऱ्या घरातून

"पोरगी मुकी तर न्हाय न्हवं?"

पुण्याच्या प्लॅटफॉर्मवर, गाडी सुटायच्या आधी, माझ्या नणंदेनं हे माझ्या सासूबाईंच्या कानात विचारलं. कानात म्हणजे, बायकांच्या डब्यातल्या सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं. मी खिडकीशी बसले होते. बाबा हमालाला उगाच सूचना देत होते, आणि शांते, तू आईच्या पदराआडून माझ्याकडे बघत होतीस. मी मुकी नव्हते. तोंड उघडलं तर रडू येईल म्हणून गप्प होते. पण डब्यातल्या साऱ्या बाया उत्तरासाठी माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी आणखीच गप्प झाले.

आईनं खिडकीच्या गजातून माझा हात धरला. "कुणाला जड होऊ नकोस. कुणी नको म्हटलं की दुसऱ्यांदा विचारू नये." हे तिचं नेहमीचंच. मिशनच्या शाळेत मडम तेच शिकवायची, फक्त इंग्रजीत: समोरच्याच्या 'नो'चा मान राखणं म्हणजे मॅनर्स. बाबा तर म्हणत, दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे पहिल्या उत्तरावर अविश्वास दाखवणं. लग्नातल्या ट्रंकांबरोबर एवढं शहाणपण घेऊन मी कोल्हापूरला उतरले.

इथं पहिल्या उत्तरावर कुणाचाच विश्वास नाही. भाकरी नको म्हटलं की ताटात भाकरी पडते. हात आडवा धरला तर हातावर पडते. भूक असतानाही आधी नको म्हणायचं, मग वाढणाऱ्यानं रागावायचं, मग आपण नाइलाज झाल्यासारखं खायचं. एवढं नाटक रोज दोन वेळा, आणि तेही उंच आवाजात. देवळात जायला निघावं तर प्रत्येक उंबऱ्यावरून "कुठं चाललाय?" सांगावं तर "एकट्याच?" गप्प राहावं तर "शिकल्याली हाय, आपल्याशी कशाला बोलंल!" बायका इथं स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' म्हणतात आणि माया करायची झाली तरी भांडल्यासारखी करतात. पहिलं वर्षभर रोज संध्याकाळी माझं डोकं दुखायचं.

सगळ्यांत जास्त दुखायचं ते वन्संमुळे. माझ्या ह्या नणंदबाई दोन गल्ल्या सोडून राहतात. दार वाजवणं त्यांना ठाऊक नाही. थेट चुलीशी येणार आणि झाकण उचलणार. "ह्ये काय केलंयस? आजाऱ्याचं जेवान?" मग स्वतःच वरून फोडणी घालणार. एकदा त्यांनी माझ्यासाठी अख्खी दुपार बसून वर्षाची चटणी कांडून दिली. मी मनापासून म्हटलं, "आभारी आहे हं, वन्सं." थोबाडीत मारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "आभार परक्याचं मानत्यात. मी परकी व्हय गं?"

त्या साली पुण्यात प्लेग होता, म्हणून माझं पहिलं बाळंतपण माहेरी न होता इथंच झालं. माझे यजमान ओव्हरसियर. भोगावती नदीवर महाराजांचं धरण चाललंय, त्या कामावर ते महिना महिना घराबाहेर. वन्सं मुक्कामालाच आल्या. कळा सुरू झाल्या तेव्हा त्यांनी माझा हात असा धरला की माझ्या बांगड्यांचे वळ त्यांच्या तळव्यावर उठले. "वरड की गं! कोण ऐकतंय? मड्डम न्हाय हितं!" मी ओरडले नाही. माझ्या वाटचं त्याच ओरडल्या.

मुलगी झाली. बारसं ठरलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, पाळणा देऊ का? मी हो म्हटलं. एकदा विचारलं, एकदा उत्तर दिलं, विषय संपला. पण वन्संच्या घरी त्यांच्या मुलांचा सागवानी पाळणा होता, आणि तो मी मागेन म्हणून त्या वाट बघत होत्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इथं सांगत नाहीत, समजायचं असतं. काकूंचा पाळणा दारात बघून वन्सं कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माझं काय काम हाय मग? मी न्हाय येत बारशाला."

आणि मी, शाळेत मॅनर्सचं बक्षीस मिळवलेली मी, अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बरं. तुमची इच्छा."

वन्सं चपला घालून निघून गेल्या. मी आत जाऊन सासूबाईंना सांगितलं, वन्सं येणार नाहीत म्हणून. त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं. "आणि तू काय म्हणालीस?"

"बरं म्हणाले."

"आगं बया! बरं म्हणालीस?"

शांते, आपल्याकडे नाव कुणीही सुचवतं, पण बाळाच्या कानात ते सांगायचं आत्यानंच. बारशाच्या दिवशी अंगण बायकांनी भरलं, घुगऱ्या शिजल्या, पाळणा टांगला, आणि आत्या नाही. आदल्या दिवशी धरणावरून आलेले यजमान बहिणीला आणायला गेले आणि मान खाली घालून परतले. "ती म्हणते, वैनीनं म्हटलं तेवढं मला पुरं."

"पण त्याच म्हणाल्या ना, येत नाही म्हणून?"

"येत नाही म्हटलं म्हणजे येणार नाही, असं असतं होय?"

मग कसं असतं? मला किंचाळावंसं वाटलं. दुसऱ्याच्या पोटातलं ओळखायला मी काय देवरशी आहे? एवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, असूं दे, चुलतआत्या हाय की, तिला घ्या फुडं. मी यजमानांकडे पाहिलं. त्यांना ही एकच बहीण. आज दुसरीनं नाव ठेवलं तर त्या दोन गल्ल्या पुन्हा कधी ओलांडल्या जाणार नव्हत्या, हे मात्र मला कुणी न सांगता समजलं.

मी कान बांधले, पोरीला दुपट्यात घेतलं आणि उंबरा ओलांडला. "आगं बाळंतीण! वारं लागंल!" सगळं अंगण ओरडलं, आणि मग सगळं अंगण माझ्या मागोमाग निघालं.

वन्सं आपल्या दारात पायरीवर बसल्या होत्या. ठेवणीतलं इरकली लुगडं, नाकात नथ, केसांत फूल. बाजूला तेल लावून चकचकीत केलेला पाळणा. सकाळपासून तयार होऊन बसलेली बाई मला म्हणाली, "कशाला आलीस? मी न्हाय येत."

"चला ना, वन्सं."

"न्हाय म्हंटलं की."

आईच्या शिकवणुकीप्रमाणे मी तिथून परत फिरायला हवं होतं. दोनदा नकार मिळाला होता. गल्लीभर लोक उभे होते.

शांते, गेल्या दिवाळीला मी पुण्याला आले होते. तू विचारलंस, चहा घेतेस का? मी नको म्हणाले, आणि तू किटली उचलून आत नेलीस. मी कोरड्या घशानं बसून राहिले आणि तुझा मला असा राग आला! नंतर बोलले तर तू हसलीस: "अगं, तूच नको म्हणालीस." खरंच की. आपल्या पुण्याच्या घरात माझं काही चुकलं नव्हतं, तुझंही नाही. पण गाडीत बसल्यावर लक्षात आलं, जिथं माझं नको कुणी पहिल्या फटक्यात खरं मानत नाही, त्याच घराची मला सवय झाली आहे. हे मी आनंदानं लिहीत नाही. डोकं अजून दुखतं. वन्सं अजून झाकणं उचलतात. इथं घरासारखं वाटतं का, असं तू पत्रात विचारतेस. मला त्या पायरीपुढची मी आठवते. त्या दिवशी माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असं लोक सांगतात.

"वन्सं, उठा! पाळणा तुमचा, पोरगी तुमची, नावबी तुमच्याच मनातलं. आणि न्हाय म्हणायचं असंल तर ते चालता चालता म्हणा!"