राणीच्या बागेच्या दारातून परतलेला मिठू

कळव्याच्या चाळीतून निघताना आत्याने पिंजऱ्यावर माझी जुनी ओढणी टाकली. आत मिठू, तिचा पोपट. चाळ पाडणार होते आणि आत्या आमच्या घोडबंदर रोडच्या फ्लॅटवर राहायला येणार होती.

"विसाव्या मजल्यावर त्याला कोणाची सोबत?" ती म्हणाली. "राणीच्या बागेत पक्ष्यांचा मोठा पिंजरा केलाय, माणसंपण आत फिरतात. तिथे सोडू."

मलाही ते पटलं.

टॅक्सीत मिठू गप्प होता. मुलुंडच्या सिग्नलला ओरडला, "जय भीम!" ड्रायव्हरने आरशात माझ्याकडे पाहिलं.

"ती नाही हो," आत्या म्हणाली. "तिचा एवढा आवाज कुठला!"

बागेच्या दारातही तेच झालं. "जय भीम," वॉचमन सवयीने म्हणाला, आणि मग त्याने ओढणी उचलली. चेहरा बदलला.

"मावशी, हा आत नेता येणार नाही. बाहेरही दाखवत फिरू नका. देशी पोपट पाळणं गुन्हा आहे."

"गुन्हा? अहो, मांजराच्या तोंडातून काढलाय मी ह्याला!"

"असेल. पण कायदा आहे."

मी सुन्न झाले. आत्याच्या चाळीत एक गॅलरी सोडून पिंजरा टांगलेला असतो. शाळेत पर्यावरणाच्या पेपरात मी नेहमी पुढे, आणि हे मला माहीत नव्हतं.

आत्याला दारापाशी बसवून मी तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टरांना शोधायला आत गेले. वाटेत गोरखचिंच (फुगलेल्या बुंध्याचं आफ्रिकेतलं झाड) दिसली. पाटीवर लिहिलं होतं की ही बाग आधी झाडांसाठी केली, प्राणी नंतर आले. पुढे एक बाप वाघाच्या काचेवर थापा मारत होता. "ए, ऊठ ना रे! पोरगी आलीय बघायला." वाघाने डोळेही उघडले नाहीत.

मिठूचं ऐकून डॉक्टर बाई शांतपणे बोलल्या. "कासव, ससे, मांजरं, लोक काहीही आणून देतात. पूर्वी प्राणी नुसते बघायला ठेवायचे. आता जंगलात कमी होत चाललेल्यांची वीण वाढवणं, लोकांना शिकवणं, हे आमचं काम. तुमच्या पोपटाला आजार असला तर आतले सगळे पक्षी जातील."

"मग त्याला नुसतं सोडून दिलं तर?"

"कधीपासून पिंजऱ्यात आहे?"

"मी लहान होते तेव्हापासून."

त्या म्हणाल्या, "सोडू नका. कावळे मारतील. ठाण्याला पक्ष्यांचं उपचार केंद्र आहे, तिथे द्या."

ठाण्याच्या केंद्रात एका मुलीने पिंजरा घेऊन आत ठेवला. "आता ह्याच्याशी कोणी बोलायचं नाही," ती म्हणाली. "माणसांची सवय सुटली आणि पंखात बळ आलं, तरच सोडता येईल."

"बोलायचंच नाही?" आत्याने विचारलं.

आतल्या खोलीतून आवाज आला, "जय भीम!"

आत्याने पदर तोंडावर दाबून धरला.

संध्याकाळी चाळीत परतलो. दार उघडताच आत्या सवयीने रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हणाली, "जय भीम." शेजारच्या गॅलरीतून काकूंच्या पोपटाने लगेच उत्तर दिलं. इतकी वर्षं तो आवाज मला घरचा वाटायचा. आज अंगावर काटा आला.

आत्या दारातच उभी राहिली. "काकूला सांगायला पाहिजे," ती म्हणाली. "तूच सांग. मला नाही सांगवणार."

मी आजवर कोणाच्या दारात आपणहून काही सांगायला गेलेले नाही. मी काकूंची कडी वाजवली.