वायर टेबलावर होती

या सदरातले अनुभव मी वाचतो ते त्यांतली चूक शोधायला. नोकरी हिशेब तपासण्यात गेली. आकडा जुळत नसेल तर कुणाची तरी चूक झालेली असते, भुताटकी नसते, हे माझं मत आजही कायम आहे. म्हणूनच लिहितोय... कुणाला चूक सापडली तर हवीच आहे.

आम्ही मुलुंड पूर्वेला तळमजल्यावर राहतो. मी, बायको शुभा आणि माझी आई. कॉम्प्युटर जुना, टेबलावरचा. त्यात वायफाय नाहीच. भिंतीवरच्या राउटरमधून एक निळी वायर त्याच्या पाठीमागे जाते, तेवढाच त्याचा जगाशी संबंध.

त्या दिवशी कुडाळला मामाचं पोटाचं ऑपरेशन होतं. या धाकट्या भावाला आईने कडेवर वाढवलेलं. त्याला आत नेण्याआधी तिला एकदा त्याचा चेहरा बघायचा होता. मोबाइलवरचा चेहरा तिला ओळखू येत नाही, आणि आमच्या तळमजल्यावर मोबाइलचा व्हिडिओ धड चालतही नाही. म्हणून दुपारी कॉम्प्युटर लावला, तर नेट गायब.

राउटर बंद करून चालू केला — लाल दिवा. कॉम्प्युटर रिस्टार्ट केला. केबलवाल्याला फोन लावला.

"काका, माणूस संध्याकाळी पाठवतो."

"संध्याकाळी काय करू रे त्याचं?"

शेवटी निळी वायर कॉम्प्युटरमधून काढली, टोक पुसलं आणि टेबलावर ठेवली.

"झाला तुझा?" आईने मागून विचारलं.

"नाही गं. लाइनच नाहीये."

"मग गाऱ्हाणा घालूया."

आमच्या कोकणात कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मांडायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

"आई, हे मशीन आहे."

"आणि होडी काय माणूस आसा? तिका घालतत ना?"

"म्हणा हो," शुभा म्हणाली. "नाहीतरी तुमचे उपाय संपलेत."

आईने पदर डोक्यावर घेतला. "बा देवा म्हाराजा... माझ्या भावाचा तोंड माका एकदा दाखव. या मशिनीत काय इडापिडा आसात ती भायर काढ रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघं म्हणालो.

आणि कॉम्प्युटरची रिंग वाजली. पडद्यावर मामाच्या मुलाचं, दीपकचं नाव. मी कॉल घेतला. खाटेवर मामा, स्वच्छ दिसत होता.

"दाढी कित्याक वाढवलंस ती?" हे आईचं पहिलं वाक्य.

"अक्का, ऑपरेशन पोटाचा आसा, दाढीचा नाय."

दोघं हसली. मग काय जेवलास, कोण सोबत आहे, घराच्या मागचा फणस... असंच बोलत राहिली. नर्स आली तेव्हा आईने पडद्यावर त्याच्या गालाला हात लावला.

कॉल संपला. आई देवासमोर जाऊन बसली. टेबल आवरताना माझ्या हाताला निळी वायर लागली — मी ठेवली होती तिथेच. कॉम्प्युटरमागे पाहिलं, तिची जागा रिकामी होती. राउटरचा दिवा लालच.

मला वाटलं, गडबडीत मीच वायर लावून पुन्हा काढली असेल. आपल्या आठवणीवर मी फार विश्वास ठेवत नाही. पण संध्याकाळी केबलवाल्याचा माणूस आला तो मला सरळ मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे रंगकामाचे बांबू बांधलेले, आणि बांधताना आमची बाहेरची केबल तुटून दोन्ही टोकं लोंबत होती.

"काका, ही सकाळपासून डेड आहे. आमच्याकडे दिसतं ना."

मी दीपककडे खात्री केली. त्याच्या फोनमध्ये त्या व्हिडिओ कॉलची नोंद आहे, आमच्या कॉम्प्युटरवर लागलेला.

मामा त्या ऑपरेशनमधून उठला नाही.

नेट त्यानंतरही बऱ्याचदा गेलं, पण गाऱ्हाण्याचं आईने कधी नाव काढलं नाही. मीच एकदा विचारलं, त्या दिवशी ते कसं झालं असेल?

"तू व्हय म्हटलंस मा?"

"म्हटलं."

"मग झाला तर."

तिच्यापुरता प्रश्न तिथे मिटला. माझा नाही मिटला. वायरचं कोडं एक वेळ कुणी जाणकार सोडवेलही. पण ते 'व्हय' मी आईचं मन राखायला म्हटलं की मनापासून... हे मलाच अजून सांगता येत नाही.