ऋताचं नाव कोणी दिलं?

सुमन गेल्याचा फोन तिच्या मुलीने, ऋतानेच केला. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. तेवढ्यावरूनही मला वाटलं, हिला काही कळलं तर नसेल...

सुमन माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती लग्न होऊन कोरगावात गेली, मी जवळच्याच पार्से गावात शिक्षिका झाले. ऋता दुसरीत असताना सुमनने तिला शाळेतून काढलं. रोज सकाळी पोर पोट दुखतं म्हणून रडायची, वर्गात तोंड उघडायची नाही. "घरीच शिकवीन," सुमन म्हणाली. स्वतः बी.एस्सी. झालेली. गावाला मात्र पटेना. मुलीला फिट येतात, तिला घरकामाला जुंपलंय, एक ना दोन... खरं सांगते, संशय मलाही होता.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिने दार अर्धंच उघडलं. "तू मैत्रीण म्हणान इलंस, की सर्वे करूक?" मी नुसती हसले आणि आत शिरले. मागच्या अंगणात ऋता सुंभाच्या दोरीने खळ्याची लांबी-रुंदी मोजत होती. क्षेत्रफळ तिने तोंडी सांगितलं, बरोबर सांगितलं. तरीही घरी येऊन मी यादीत तिचं नाव लिहिलं. नियमच तसा आहे, असं मनाला बजावलं.

महिन्याभरात सुमनला शिक्षण खात्याची नोटीस आली. शेजारच्या पार्वतीकाकी येता-जाता ऋताबद्दल विचारायच्या, "चेडू शाळेक जायना काय गो?" मी मैत्रीण; सुमनचा संशय सरळ त्यांच्यावर गेला. "तिनेच चुगली केली," ती माझ्यासमोर म्हणाली. मी चहा पीत होते. हो म्हटलं नाही, पण नाही असंही म्हटलं नाही.

सुनावणीला तिच्यासोबत मीच गेले. तिने वह्यांची चळत टेबलावर ठेवली. साहेबांनी त्या बराच वेळ चाळल्या. "सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, असं कायदा म्हणतो," ते म्हणाले. "पण न घातल्यास पालकाला शिक्षा त्यात नाही. घरी शिकवायला परवानगी नाही, आणि स्पष्ट बंदीही नाही." नोटिशीचा कागद तिथेच राहिला, पुढे कारवाई झाली नाही. पुढे ऋता मुक्त विद्यालयातून दहावी झाली, आता म्हापशाला कॉलेजात जाते. सुमन पार्वतीकाकींशी मात्र शेवटपर्यंत बोलली नाही.

सुमनचं बारावं झाल्यावर मी काकींकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आता सांगून कोणाक बरा वाटतला? तुकाच ना गो?"

तिथून उठून ऋताकडे गेले. तिलाही सांगितलं. ती रडली नाही, रागावली नाही. जिथे सुमन तिला शिकवायची, त्या खोलीत ती मला घेऊन गेली. काकींच्या घराकडची खिडकी सुमनने नोटिशीच्या आठवड्यात आतून खिळे ठोकून बंद केली होती. ऋताने माझ्या हातात पक्कड दिली.

दोन खिळे निघाले. तिसरा गंजून लाकडात रुतलाय... रविवारी पुन्हा जाणार आहे.