खुणेचा रकाना

साडूशी मी बोलत नाही. बायकोच्या मते कॉम्प्युटरवरच्या एका रकान्यावरून कोणी नातं तोडत नाही. तो रकाना म्हणजे काय होता, हे तिला कधी कळलंच नाही.

डोंबिवलीत माझं फराळाचं दुकान. सुरुवात स्टेशनबाहेर टेबल टाकून केली, मग गाळा घेतला आणि पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत राहायला आलो. नव्वदीच्या शेवटी आसपासच्या बिल्डिंगमधली पोरं भराभर अमेरिकेला गेली, आईबाप इथेच राहिले. पोरांनी तिकडून इंटरनेटवर ऑर्डर द्यावी, चेक पोस्टाने पाठवावा आणि फराळ आपण इथे आईबापांच्या दारात पोचवावा, ही कल्पना माझी. आमच्याकडे तेव्हा असं कोणी करत नव्हतं.

साडू ठाण्यात कॉम्प्युटरचे क्लास चालवायचा. त्याने मला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीचं तयार सॉफ्टवेअर घ्यायला लावलं. घासाघीस करून मी भाव बराच खाली आणला आणि त्याच आनंदात राहिलो. पहिल्याच दिवाळीत पार्सलं भलत्याच घरी जायला लागली.

पोचवणाऱ्या माणसाला मी भर दुकानात झापलं. मग ऑर्डरी छापून एकाखाली एक लावल्या, तेव्हा दिसलं की सगळे पत्ते उजवीकडे एकाच रेषेत संपतायत, सुरीने कापल्यासारखे. आपला माणूस पत्ता सांगतो तो स्टेशनपासून. पूर्वेला, मंदिराच्या मागे, रेशनच्या दुकानासमोरची गल्ली, आणि बिल्डिंग, खोली नंबर सगळ्यात शेवटी. सॉफ्टवेअरमधल्या पत्त्याच्या रकान्यात एवढी जागाच नव्हती. माणूस मंदिरापर्यंत पोचायचा, पुढे आडनावावरून अंदाज.

मी कंपनीत गेलो. "रकाना मोठा करून द्या."

"काका, ते पुढच्या व्हर्जनमध्ये येईल."

"आणि ही दिवाळी?"

"आतला कोड गिऱ्हाइकाला उघडता येत नाही. आम्ही उघडला तर त्याचा वेगळा चार्ज."

"म्हणजे गाळा मी घेतला आणि कुलूप तुमचं?" मी टेबलावर हात आपटला. काही उपयोग झाला नाही.

तेव्हाच ठरवलं, आता ज्याचा कोड उघडा असेल तेच सॉफ्टवेअर घ्यायचं. साडू हसला. "फुकटातलं घेणार? मग बिघडलं तर भांडणार कोणाशी? जीव गुदमरेल तुमचा, साडूभाऊ."

एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर ऑनलाइन दुकानाचे, उघड्या कोडचे दोन प्रोग्राम होते. एक दिसायला देखणा, दुसरा रद्दी. पण दोघांच्याही मेलिंग लिस्ट होत्या, वापरणाऱ्यांनी ईमेलवर एकमेकांना अडचणी विचारायच्या. देखण्याच्या लिस्टवर कोणाचा तरी एक प्रश्न कित्येक महिने उत्तराविना पडून होता. रद्दीच्या लिस्टवर रोज भांडणं, आणि रोज कोणीतरी उत्तर देणारा. बाजारात वाढलेल्या माणसाला एवढं पुरतं. मी रद्दी घेतला.

पत्ता त्यातही तुटला. लिस्टवर विचारलं तर कोणा परक्या माणसाने कुठली फाइल, कुठली ओळ ते सांगितलं. तिथला अक्षरांच्या मर्यादेचा आकडा बदलला, तरी तुटलाच. फॉर्ममध्ये जागा वाढली होती, पण ऑर्डर जिथे साठायची तिथे जुनाच आकडा होता. तो सापडेपर्यंत मी घरात सगळ्यांवर ओरडत होतो. मग मी एक पाऊल पुढे गेलो. पत्त्याखाली वेगळा रकाना केला, खुणेचा. लोकांना कळावं म्हणून त्यात नमुना आधीच भरून ठेवला, माझ्याच घराचा: पिठाच्या गिरणीवर, बेल दोनदा वाजवा. गिरणी चालू असली की एकदा वाजवलेली ऐकू येत नाही.

त्या दिवाळीत एक डबा चुकला नाही.

मग साडू आला. "एक कॉपी द्या. क्लासमध्ये दाखवतो." मी दिली. पुढच्या दिवाळीच्या आधी ठाण्यातल्या एका मोठ्या मिठाईवाल्याची साइट सुरू झाली. डोंबिवलीत घरपोच फराळ. करून देणारा साडू.

मी त्याच्या क्लासमध्येच जाऊन उभा राहिलो. "माझं दुकान उचलून दिलंस?"

"दुकान कुठे, प्रोग्राम दिला. लायसन्स वाचलंत का? कोणीही घ्या, बदला, पुढे द्या. तुम्हालाही असाच मिळाला होता."

"ज्यांनी मला दिला ते माझे साडू नव्हते."

पोरं हसली. मला हसली की त्याला, माहीत नाही.

त्या दिवाळीत माझ्या ऑर्डरी आटल्या. एका दुपारी बेल दोनदा वाजली. दारात शीळफाट्याच्या ट्रॅफिकने वैतागलेला ठाण्याचा टेम्पोवाला, हातात त्या मिठाईवाल्याचा डबा. "काका, बिल्डिंग सापडत नाही, पण खूण हीच आहे. गिरणीवर, बेल दोनदा." माझा नमुना बदलायचे कष्टही साडूने घेतले नव्हते, आणि ऑर्डर देणाऱ्याने तो पुसला नव्हता. चिठ्ठीवरचं नाव ओळखीचं होतं. पलीकडच्या गल्लीतलं घर, माझं पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक.

मी त्याच्याबरोबर गेलो. दार उघडणाऱ्या आजींनी डब्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "या, या. यंदा तुम्ही स्वतः आलात? मुलगा म्हणालाच, साइट तीच आहे, खूण लिहायची सोय आहे म्हणून."

"माझा नाही हा डबा," मी म्हणालो. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. त्यांनी मला त्याच डब्यातला लाडू दिला. बेसन कच्चं होतं.

घरी येऊन साडूला फोन केला. "निदान माझ्या घराची खूण तरी काढ तिथून."

"कोड उघडा आहे, साडूभाऊ," तो म्हणाला. "घ्या कॉपी, बदला, पाठवून द्या. मी लावतो."

मी फोन ठेवला. तेव्हापासून बायको बहिणीकडे एकटीच जाते.