स्वतः काढलेलं, स्वतः कोरलेलं, शिगेबाईंनी छापलेलं

कुरिमोतो मास्तर अमूर्त झाले ते एकोणीसशे बावन्नच्या वसंतात. त्याआधी ते आमच्या यानाका पेठेतल्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी लाकडी ठशांची चित्रं छापायचे. देवळं, मांजरं, बर्फातले पूल. देवळं कलती यायची, मांजरं कोल्ह्यासारखी दिसायची आणि विकत कोणीच घेत नसे. मग गिन्झातल्या एका चित्रदालनात अमेरिकन लोक नुसते काळे ठिपके आणि तांबडे पट्टे हौसेने विकत घेताना त्यांनी पाहिले, आणि त्या दिवसापासून मांजर कायमचं सुटलं.

"मी आता वस्तूंच्या पलीकडे गेलोय," त्यांनी मला दुकानात येऊन सांगितलं. माझं कागदाचं दुकान. वस्तूंच्या पलीकडे गेलेल्या माणसाला कागद आधीपेक्षा मोठा लागतो, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

अडचण एकच होती. पूर्वी चित्र काढणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा असायचा. नव्या मंडळींना ती हमाली वाटे. खऱ्या कलावंताने स्वतः काढायचं, स्वतः कोरायचं, स्वतः छापायचं, असा त्यांचा बाणा. मास्तर काढायचे झोकात आणि कोरायचे बरं. पण छापायला बसले की कागद फळीला चिकटायचा, रंग कडेने फुटायचा आणि तांबडा पट्टा ठिपक्याच्या उरावर जाऊन बसायचा.

म्हणून ते गल्लीतल्या ओगुरा शिगेबाईंकडे गेले. शिगेबाई पन्नाशीच्या, एकट्या. वडील जुने छपाईवाले. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी पोरीला शिकू दिलं, शिकवलं असं नाही. ती बघून बघून शिकली. आता त्या कानेदांच्या मिठाईच्या दुकानासाठी वेष्टणाचे कागद छापायच्या. उजव्या हाताचा तळवा घासून घासून चपलेच्या तळासारखा झालेला.

"शिगेबाई, जरा कागद धरायला याल का?" मास्तर म्हणाले.

कागद धरायला गेलेल्या शिगेबाई सात वर्षं तो धरत राहिल्या. फळीवर ब्रशने रंग पसरायचा, दमट कागद फळीच्या कोपऱ्यातल्या खुणेच्या खाचेत अचूक टेकवायचा, वरून बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने, म्हणजे बारेनने, घासायचं, हे सगळं धरण्यातच धरलं जाई. त्यानंतर खरं काम उरायचं. मास्तर पेन्सिलीने खाली लिहायचे : स्वतः काढलेलं, स्वतः कोरलेलं, स्वतः छापलेलं.

मी कागद पोचवायला जायचो तेव्हा त्यांचं बोलणं कानावर पडायचं.

"मास्तर, हे काय आहे?"

"'मौन, क्रमांक चार'."

"तीन नंबरही काही बोलत नव्हतं. हा तपकिरी असाच सोया सॉस सांडल्यासारखा ठेवायचा, की कडेला विरवू?"

"विरवा. पण आतून विरवा."

"आतून म्हणजे हलक्या हाताने. बरं."

समीक्षक लिहायचे की कुरिमोतोंच्या चित्रात लाकूड श्वास घेतं. शिगेबाईंनी देवदाराची फळी तारेच्या ब्रशने तासभर घासून तिच्या रेषा वर आणलेल्या असायच्या, म्हणून घ्यायचं.

एकदा परत येताना त्या मला म्हणाल्या, "कागदवाले, लाट छापताना सगळं लक्ष लाटेकडे द्यावं लागतं. इथे नुसता रंग असतो. बरं वाटतं हो. मास्तरांना सांगू नका, उगाच फुगतील."

सातव्या वर्षी एक अमेरिकन बाई आल्या. सोबत दुभाषा आणि मासिकाचा छायाचित्रकार. त्यांना मास्तरांना छापताना बघायचं होतं. मास्तरांनी शिगेबाईंच्या हाती चहाचं तबक दिलं. "आज तुम्ही फक्त एवढंच करा," ते कुजबुजले. कागदाचा गठ्ठा घेऊन मीही दारात उभा होतो आणि निघायचं मुद्दाम विसरलो.

मास्तरांनी बाह्या सावरल्या, डोळे मिटले, चिंतन केलं आणि कागद टेकवला. तो वाळलेला होता. घासला तसा फळीला चिकटला आणि ओढला तसा फाटला. दुसराही फाटला. पाहुणी अदबीने मान डोलवत होती.

तिसरा कागद त्यांनी उचलला तेव्हा शिगेबाईंनी तबक खाली ठेवलं.

"चांगला कागद आहे हो, मास्तर," त्या म्हणाल्या, "सरका जरा."

बसल्या, पाणी मारलं, रंग ओढला आणि बघता बघता तीन प्रती काढल्या. एकही ठिपका जागचा हलला नाही. छायाचित्रकार सारखा खटके मारत होता.

दुभाष्याने विचारलं, "या कोण?"

"माझी शिष्या," मास्तर म्हणाले.

"हो तर," शिगेबाई म्हणाल्या. "सात वर्षं सही कशी करायची नाही ते शिकतेय."

दुभाष्याला घसा साफ करायची गरज पडली. त्याने काय भाषांतर केलं कोण जाणे, पाहुणी खूश होऊन हसली.

मासिक आलं. पानभर छायाचित्र होतं, त्यात फक्त दोन हात आणि बारेन. खाली छापलं होतं, 'कुरिमोतो यांचे सर्जनशील हात'. शिगेबाई ते पान घेऊन मास्तरांकडे गेल्या.

"पुढच्या चित्रापासून खाली माझंही नाव घाला."

"शिगेबाई, समजून घ्या. या कलेत दोघं असूच शकत नाहीत. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मग एकानेच करावं," त्या म्हणाल्या, आपलं बारेन फडक्यात गुंडाळलं आणि घरी निघाल्या. माझ्या दुकानावरून गेल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

पुढचं प्रदर्शन मास्तरांनी खरोखरच स्वतः छापलं. डागाळलेलं, फुटलेलं, जागोजाग कागद सोललेलं. समीक्षकांना त्यात युद्धोत्तर मनाची जखम दिसली आणि पारितोषिक मिळालं. शिगेबाई बघायला गेल्या होत्या. प्रत्येक चित्रापुढे थांबल्या आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "कागद चांगला होता." मी वाकून आभार मानले.

त्या साली कानेदांची वेष्टणाची फळी झिजली. वर्षानुवर्षांची तीच आलुबुखाराची फुलं. शिगेबाईंनी नवं चित्र स्वतः काढलं आणि फळीवर स्वतः कोरलं. फिकट निळीचा एक मोठा तुकडा, त्याला बिलगलेला पिवळा, मागे देवदाराच्या रेषा. फूल नाही, पान नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'शिगे'.

कानेदांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "हे काय आहे?"

"कागद आहे. आत मिठाई आहे."

"गिऱ्हाइकं विचारतील हो!"

"विचारू दे. तेवढाच वेळ दुकानात थांबतील."

मास्तरांनी पाहून 'सजावट' असा शेरा मारला. गिऱ्हाइकांनी मात्र काही विचारलं नाही. मिठाई खाऊन झाली की बायका तो कागद हाताने सपाट करून घडी घालून ठेवू लागल्या. शरद ऋतूसाठी दुसरा काढाल का, असं कानेदांनी विचारलं तेव्हा शिगेबाईंनी महिनाभराची मुदत मागितली आणि माझ्याकडून कागद नेला. आधीपेक्षा मोठा.