वहिनीवर पाळत

आमची वहिनी कुणाच्या तरी नादी लागली आहे, अशी आमच्या आईची खात्री पटली होती.

तीच वहिनी आज सकाळी गेली. माझ्या थोरल्या भावाची बायको.

सकाळपासून ग्रुपवर मेसेज येताहेत. 'त्या काळात सासरने शिकवलं, केवढं मोठं मन!' असं कुणीतरी लिहिलंय. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

मला असल्या मोठ्या मनांचा पहिल्यापासून डाउट येतो. म्हणून खरं काय ते लिहिते.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आम्ही परळच्या चाळीत. वडील नव्हते, दादा गिरणीत, त्यामुळे घरात शब्द दादाचा. माझी चौथी झाली तेव्हा तो म्हणाला, "वाचूक येता ना? बस झाला."

माझी शाळा संपली.

चाळीतल्या सुनांना एरवी गॅलरीच्या टोकाला जायचं तरी विचारून जावं लागे. पण मोर्चाला जाते म्हटलं की अडवायची कुणाची हिंमत नव्हती. चळवळीला नाही कोण म्हणणार?

वहिनी रोज दुपारी जायची. कधी मोर्चा, कधी सभा, कधी झेंडे शिवायला.

आईच्या डोक्यात किडा वळवळला.

"सगळ्या बायलांचे गळे बसले. हिचोच गळो कसो बसाक नाय? आणि झेंडे शिवता म्हणे! हिका साधा बटन लावूक येणा नाय."

एका दुपारी आईने माझा हात धरला आणि आम्ही वहिनीच्या मागे निघालो. बायकांच्या घोळक्यातून वहिनी हळूच मागे राहिली. मग एका बोळात शिरली. बोळाच्या टोकाला तालीम होती. त्या तालमीत ती सरळ आत गेली!

आई जागच्या जागी थिजली. तालमीत मारुती असतो, तिथे बायांनी पाऊल ठेवायचं नाही. आणि तालीम म्हणजे पुरुषच पुरुष.

तिथली पोरं सत्याग्रहात तुरुंगात गेली होती आणि दुपारी जागा ओस पडलेली असायची, हे आम्हांला कुठे ठाऊक?

आईने मला पुढे ढकललं. "माका आत जावक होवचा नाय. तू ल्हान आसस, तुका चलात. बघ, कोण मेलो आसा आत."

आत मारुतीपुढे पडदा ओढलेला. मल्लखांबाला फळा टेकवलेला. समोर चाळीतल्याच काही बायका बसलेल्या, आणि एक शिक्षिका त्यांची सातवीच्या परीक्षेची तयारी करून घेत होत्या. फळ्यापाशी वहिनी उभी होती. मला बघितलं आणि तिच्या हातातला खडू पडला.

मी बाहेर येऊन सांगितलं, आत पुरुष नाही, शाळा आहे.

आईचा संशय आणखी वाढला. "बायलांका फुकट कोण शिकवता? ह्यात कायतरी काळाबेरा आसा."

दुसऱ्या दिवसापासून माझी ड्यूटी लागली. वहिनीबरोबर जायचं, लक्ष ठेवायचं, घरी येऊन सगळं सांगायचं. पुरावा मिळेपर्यंत दादाला काही कळू द्यायचं नाही.

पण त्या बाई कुणाला रिकामं बसू देत नसत. पहिल्याच दिवशी माझ्या हातात पाटी आली.

संध्याकाळी आईची उलटतपासणी.

"कोण इल्लो? काय बोललो?"

"कुणी नाही. पृथ्वी फिरते, असं बाई म्हणाल्या."

"खोटा. फिरता, तर हंड्यातला पाणी कसा सांडणा नाय?"

मी दुसऱ्या दिवशी बाईंना तेच विचारलं. त्या खूश झाल्या.

"ही शंका कुणाची?"

"आईची."

"तिला घेऊन ये."

"ती येणार नाही. मारुती आहे."

"मग तिला म्हणावं, रोज एक शंका पाठव."

आईला ह्यातही डाव दिसला. शंका मात्र ती नेमाने पाठवू लागली. संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता वहिनी तिला उत्तर समजावून सांगायची. आईला पटायचं नाही. दोघी भांडायच्या, मध्येच हसायच्या.

परीक्षा तोंडावर आली आणि कुणीतरी दादाचे कान भरले.

दादा गिरणीतून आला तो ताडताड बोलतच. हिला उद्याच्या बोटीने कोकणात गावाला धाडतो म्हणाला.

वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली. एकदा बोटीत बसली की परीक्षा गेली. पुन्हा तिला कुणी पाटीला हात लावू दिला नसता. मला रडू फुटलं.

आई म्हणाली, "मीच धाडलंय तिका."

"कशाक? शिकान उद्या माका सोडून गेली तर?"

इतके दिवस आई ज्या नजरेने वहिनीकडे बघायची, त्याच नजरेने तिने आता दादाकडे बघितलं.

"मगे तू असो वाग, की तिका जावचा वाटूचा नाय."

बोट वहिनीला न घेताच गेली.

वहिनी सातवी पास झाली. ट्रेनिंग करून शिक्षिका झाली. तिच्या मागोमाग मी. सातवी, मग मॅट्रिक, मग नोकरी.

आईने मला खरंच पाळतीवर धाडलं होतं? की दादाने बंद केलेली माझी शाळा तिने या वाटेने परत सुरू केली? हा संशय मला आयुष्यभर आहे. आईला विचारलं तर म्हणाली, "तुका काय वाटता?" वहिनीला विचारलं तर ती नुसती हसायची. माझी तर खात्री आहे, दोघी एकमेकींना सामील होत्या.

तेव्हा ते मोठं मन वगैरे राहू द्या. पोरींनो, 'आम्ही हिला शिकवलं' असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा, कशावरून?

दादा मात्र पुढे नीट वागला, हे मान्य करायला हवं. आजारी पडला तेव्हा वहिनीची शाळा सुटायच्या वेळेला दाराकडे तोंड करून पडायचा.

ती रोज घरी यायची. त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत.

वहिनी, शिकलीस आणि कुणालाही सोडून गेली नाहीस. आज पहिल्यांदाच जाते आहेस.

सावकाश जा गं.

तुझ्या नणंदेचा तुला नमस्कार.